चार मिनिटे वीस सेकंद

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एक अर्जुनी मोरगाव आणि दुसरी आमची सडक अर्जुनी. नागपूरहून रायपूरच्या दिशेने निघाले आणि भंडारा, लाखनी, साकोली मागे टाकली की मोठ्या सडकेच्या काठी आमचे गाव येते. नावातली सडक ती हीच. एके काळी ती राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होती, आता तिला ५३ म्हणतात. क्रमांक बदलला तरी सडक जागची हलली नाही आणि गावाचे नावही नाही. मात्र पुण्या-मुंबईची मंडळी घाईघाईने 'अर्जुनी, जिल्हा गोंदिया' एवढेच लिहून मोकळी होतात आणि पुस्तकांचे पार्सल आधी मोरगावचा पाहुणचार घेऊन मग आमच्याकडे येते. पत्ता खोटा नसतो, अपुरा असतो.

वाचक म्हणतील, दिवाळीच्या दिवसांत हे भूगोलाचे पाल्हाळ कशाला? कारण असे की, यंदाच्या पावसाळ्यात आमच्या घरातच दोन अर्जुन्या निर्माण झाल्या आणि त्यांच्या गोंधळात आईच्या टीव्हीवरची चित्रे मध्येच थिजू लागली. हा घोळ आमच्यापुरता असता, तर मी तो लिहीत बसलो नसतो. पण इंटरनेटवाल्याने दिलेल्या मोडेमपाठीमागे स्वतःचा राउटर लावणारी कुटुंबे आता शहरोशहरी झाली आहेत आणि त्याच तारेतून टीव्ही घेणारीही. त्या प्रत्येक घरात हा प्रकार केव्हा ना केव्हा घडतो. आणि घडला की बोल लावला जातो तो घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला. "तुम्ही रिमोटचे काहीतरी दाबले असेल."

आधी घराची रचना सांगतो. घर वडिलांच्या हातचे. भिंती मातीच्या, दीड हात जाड, वर कवेलू. उन्हाळ्यात आमच्या झाडीपट्टीत ऊन फार तापते, तेव्हा ह्या भिंती जिवाला आधार वाटतात. पुढे सपरी, म्हणजे तुमची ओसरी, मध्ये माजघर, त्याच्या डाव्या अंगाला कन्येची अभ्यासाची खोली, आणि अगदी मागे, न्हाणीघराच्या जवळ, आईची खोली. आईचे गुडघे गेले आहेत. वडील गेल्यापासून तिचे जग त्या खोलीएवढे झाले आहे, आणि त्या जगाची खिडकी म्हणजे टीव्ही. सकाळी अभंग, दुपारी एखादा जुना सिनेमा, संध्याकाळी कीर्तन, मग बातम्या. पाऊस किती पडला हे ती अंगणात पाहत नाही. टीव्हीवाला सांगेल तेव्हा तिला पटते.

टीव्ही आमच्याकडे आला त्याचा इतिहास चार ओळींत संपण्यासारखा आहे. १९८४ साली देशभर जवळजवळ रोज एक ह्या वेगाने दूरदर्शनची प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. मग वेळूच्या काठीला ॲन्टेना बांधण्याचे दिवस आले. १९८७-८८ च्या 'रामायणा'ला रविवारी सकाळी ज्याच्या घरी संच असेल त्याच्या घरी गर्दी व्हायची. नंतर केबल आली. केबलचे डिजिटलीकरण २०१२ साली महानगरांपासून सुरू झाले आणि आमच्यासारख्या ग्रामीण भागाची पाळी चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात आली. त्याची वाढवून दिलेली मुदत मार्च २०१७ ची होती. ज्या केबलवाल्या भाऊंनी पूर्वी गच्चीवरच्या मोठ्या छत्रीवरून घरोघरी काळी वायर ओढली, तेच आता केसासारखा काचेचा तंतू ओढून देतात. एकाच तंतूतून इंटरनेट आणि टीव्ही. ही कल्पना तशी नवी नव्हे. इंटरनेटच्या पद्धतीने टीव्ही पुरवण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २००८ सालीच काढली होती. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत संचार निगमनेही आपल्या फायबरवर टीव्ही देण्यास सुरुवात केली, तो पाहताना ग्राहकाचा इंटरनेटचा वाटा खर्च होत नाही अशा व्यवस्थेने. म्हणजे ही गोष्ट आता हौशी लोकांची राहिलेली नाही.

तर भाऊंनी आमच्या सपरीत एक पांढरा डबा टांगला. त्याला सगळे 'मोडेम' म्हणतात. खरे पाहता त्यात दोन यंत्रे नांदत असतात. एक, काचेच्या तंतूतला प्रकाश विजेच्या भाषेत आणणारे. दुसरे, आलेले सामान घरातल्या ज्या त्या उपकरणाला वाटून देणारे. ह्या दुसऱ्याचे नाव राउटर. वायफायही तोच डबा देतो. आमच्या मातीच्या भिंतींपुढे मात्र त्या वायफायचे काही चालेना. सपरीत सगळे काही झकास, माजघरात कसेबसे, आणि कन्येच्या खोलीत शून्य. ती यंदा बारावीला आहे आणि नीटची तयारी घरबसल्या ऑनलाइन वर्गावर करते. ऐन जीवशास्त्राच्या तासाला शिक्षकांचे तोंड उघडे राहून आवाज जाऊ लागला, तेव्हा माजघरात स्वतःचा एक चांगला राउटर आणून बसवायचे ठरले. सपरीतल्या डब्यातून एक केबल माजघरात आणली, नव्या राउटरला जोडली, आणि त्यातून पुढे आईच्या खोलीतल्या टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सला दुसरी केबल दिली. कन्येचा वर्ग गुळगुळीत चालू लागला. आईचा टीव्हीही लागला. पहिली चार मिनिटे.

आणि इथेच गंमत आहे. मुळीच न लागणारा टीव्ही परवडला. निदान काहीतरी बिघडले आहे हे कळते. हा लागायचा, उत्तम लागायचा, आणि बुवांनी हात वर करून दृष्टान्ताला सुरुवात केली की हात तसाच वर राहायचा. केबलवाले भाऊ दोनदा येऊन गेले. त्यांच्यासमोर टीव्ही बिनतक्रार चालला, कारण चार मिनिटे थांबण्याइतका वेळ कोणत्या केबलवाल्याला असतो? "टीव्ही तर चालू हाय ना सर," म्हणून ते गेले. तिसऱ्या वेळी मात्र म्हणाले, "तुमचा तो राउटर काढून टाका. मंग गॅरंटी माझी." राउटर काढला की कन्येचा वर्ग बंद. ठेवला की आईचे कीर्तन बंद. घराघरांत असा पेच पडतो तेव्हा कोणाच्या बाजूने निकाल लागतो, हे सांगायला नको. मुलांची परीक्षा ही आपल्या मध्यमवर्गाची कुलदेवता आहे.

निकाल द्यायची वेळ आलीच नाही, कारण आईने तो परस्पर देऊन टाकला होता. मी एके संध्याकाळी तिच्या खोलीत गेलो, तर ती कीर्तन पाहत होती. आणि पाहता पाहता मध्येच रिमोट उचलून पुढच्या वाहिनीवर जायची, पुन्हा मागे यायची. मला वाटले, तिला कंटाळा आला असावा. विचारले तर म्हणाली, "कंटारा कायचा गा? थांबला का मी पुढच्यावर जातो, मंग मांगं येतो. चालू होते." किती दिवस हे चालले आहे? "आठ रोज झाले. पोरीचा अभ्यास चालू राहते ना!" आमच्या झाडीबोलीत बायकाही 'मी जातो, मी येतो' असेच म्हणतात आणि 'ळ' चा 'र' होतो, हे आमच्याकडे नव्याने येणाऱ्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. तर आठ दिवस ही बाई एका तासाच्या कीर्तनात बारा-पंधरा वेळा टीव्हीला गुदगुल्या करून जागा करीत होती, आणि त्याची वाच्यता तिने कोठे केली नव्हती.

आईच्या ह्या युक्तीत रोगाचे निदान दडलेले होते, हे आमच्या महाविद्यालयात संगणक शिकवणाऱ्या एका मित्राच्या ध्यानात आले. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "वाहिनी लावल्यापासून किती वेळाने थिजते? नेमका वेळ सांगा." रविवारी सकाळी कन्येने मोबाइलवर वेळ लावून मोजले. चार मिनिटे वीस सेकंद. पुन्हा मोजले. चार मिनिटे वीस. दुसऱ्या वाहिनीवर मोजले, तेव्हाही तेच. मित्राला फोन केला तर ते हसले आणि म्हणाले, "दोनशे साठ सेकंद. मग काही बिघडलेले नाही. तुमच्या आईची हजेरी लागत नाही, एवढेच."

हजेरी हा शब्द ऐकून माझ्यातला मास्तर जागा झाला. त्यांनी जे समजावले ते मी आपल्या भाषेत सांगतो.

इंटरनेटवरून येणारे बहुतेक सामान टपालासारखे येते. कन्येच्या वर्गाचे चित्र हे तिच्या नावाचे स्वतंत्र पाकीट. शेजारच्या मुलाने तोच वर्ग लावला तर त्याला त्याचे वेगळे पाकीट. शंभर जणांना शंभर पाकिटे. टीव्हीच्या वाहिन्या ह्या पद्धतीने वाटायच्या म्हटले तर क्रिकेटच्या सामन्याला केबलवाल्याची तार तुंबून जाईल. म्हणून पुष्कळ ठिकाणी, आमच्याकडेही, टीव्ही वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यासारखा पाठवतात. नागपूरहून निघालेला एकच गठ्ठा साकोलीपर्यंत येतो. तिथे साकोलीचा भाग काढला जातो, उरलेला पुढे. ज्या गावात कोणी वर्गणीदारच नाही, तिथे गठ्ठा उतरत नाही. एकाच प्रवाहाच्या, वाट फुटेल तिथेच प्रती निघतात. इंग्रजीत ह्याला 'मल्टिकास्ट' म्हणतात. स्टीव्ह डिअरिंग ह्या संशोधकाने त्याचे नियम ऑगस्ट १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. इंटरनेटवरच्या पत्त्यांपैकी २२४ पासून २३९ पर्यंतच्या आकड्याने सुरू होणारे पत्ते ह्याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत. तो पत्ता कोणा एका घराचा नसतो. एका वाहिनीचा असतो.

आता गठ्ठा कोठे उतरवायचा हे कळण्यासाठी कोणीतरी विचारत राहायला हवे. वाहिनी लावली की आईचा सेट टॉप बॉक्स हात वर करतो, "मला ही वाहिनी हवी." प्रवाह सुरू होतो. त्यानंतर केबलवाल्याकडचे यंत्र दर १२५ सेकंदांनी हजेरी घेते: "ही वाहिनी कोणी पाहत आहे काय?" ज्याला हवी असेल त्याने दहा सेकंदांत "हजर" म्हणायचे. एक हजेरी चुकली तर चालते. वाटेत आवाज हरवला असेल अशी सवलत आहे. पण दोन हजेऱ्यांचा काळ आणि वर ते दहा सेकंद उलटले तरी उत्तर नाही, म्हणजे पाहणारा उठून गेला असे समजून नाव काटतात आणि प्रवाह बंद करतात. १२५ दुणे २५०, अधिक १०. दोनशे साठ सेकंद, म्हणजेच चार मिनिटे वीस सेकंद. हे आकडे त्या नियमावलीतले ठरीव आकडे आहेत. एखादा पुरवठादार ते बदलूही शकतो. माझ्या वर्गात पंचाहत्तर टक्क्यांचा नियम आहे, त्यापेक्षा हा नियम पुष्कळच कडक.

मग आईचा बॉक्स "हजर" का म्हणत नव्हता? तो बिचारा म्हणायला तयारच होता. त्याच्यापर्यंत हाकच पोचत नव्हती. मध्ये नवा राउटर बसलेला. राउटर हा स्वभावाने वाड्याच्या दिंडीवरचा दरवान. आतला माणूस बाहेर काही मागायला गेला, तर तो जाऊ देतो आणि त्याचे उत्तर आले की ते आत नेऊन देतो. पण बाहेरून कोणी आपण होऊन हाक मारली, तर तो दार उघडत नाही. ते त्याचे कर्तव्यच आहे. वाहिनी लावताना बॉक्सने केलेली मागणी त्याने बाहेर पोचवली. नंतरची केबलवाल्याची हजेरी मात्र त्याला परक्याची हाक वाटली. तो गप्प बसला. आईने वाहिनी बदलून परत आणली की आतून नवी मागणी जायची आणि पुन्हा चार मिनिटे वीस सेकंदांचे जीवदान मिळायचे. कन्येचा वर्ग मात्र सुखाने चालायचा, कारण तो पाकिटाचा मामला. त्याला हजेरी लागत नाही. आणि म्हणूनच सारे जण म्हणत राहिले, की इंटरनेट तर ठीक आहे, मग दोष टीव्हीचाच.

दरवानाची ही कडक शिस्त मुळात आली कोठून, हेही ऐकण्यासारखे आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. ते कधी काळी अपुरे पडतील हे १९९० च्या सुमारासच दिसू लागले होते, आणि जागतिक साठ्यातले उरलेसुरले पत्ते फेब्रुवारी २०११ मध्ये खरोखरच वाटून संपले. उपाय म्हणून १९९४ साली अशी युक्ती मांडली गेली की, साऱ्या घराला बाहेरचा पत्ता एकच असावा आणि आतल्या उपकरणांना दरवानाने आपले घरगुती क्रमांक द्यावेत. घरगुती क्रमांकांसाठी काही आकडे राखले गेले, १९२.१६८ ने सुरू होणारे त्यांतलेच. ते जगातल्या कोट्यवधी घरांत तेच ते असतात आणि घराबाहेर त्यांना किंमत नसते, म्हणून गोंधळ होत नाही. पण एकाच घरात दोन दरवान बसले तर? सपरीतला डबा स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवतो आणि माजघरातलाही नेमके तेच म्हणवू लागला, तर झाल्याच एका जिल्ह्यात दोन अर्जुन्या! आतल्या दरवानाला कळत नाही, की हा पत्ता घरातला की बाहेरचा. काही नवे राउटर हे ओळखून आपला आकडा आपणच बदलतात; काही बदलत नाहीत. म्हणून दुसरा राउटर लावणाऱ्याने त्याचा आकडा निराळा करून घ्यावा, मधला एक बदलून दहा किंवा वीस केला तरी पुरते. आमच्या गावाने नावाआधी 'सडक' लावली, त्यातलाच प्रकार.

आता उपायांकडे वळतो. मित्राने ते चार सांगितले आणि चारही खरे आहेत, पण प्रत्येकाची किंमत वेगळी.

पहिला उपाय, सपरीतल्या डब्यातला दरवान निवृत्त करायचा. त्याने फक्त प्रकाशाची वीज करावी आणि बाकी सारे आपल्या राउटरवर सोडावे. ह्याला 'ब्रिज' करणे म्हणतात. ऐकायला राजेशाही वाटते. पण हे पुरवठादाराच्या हातात असते. त्याच्याकडून जोडणीचे नाव आणि परवलीचा शब्द मागून घ्यावा लागतो. शिवाय टीव्ही पुष्कळदा त्याच तारेत वेगळ्या, क्रमांक दिलेल्या मार्गिकेतून येतो, तो क्रमांक आपल्या राउटरला शिकवावा लागतो. आणि घरातला फोन त्याच डब्यावर असेल तर तो मुका होण्याची भीती. भाऊंनी ह्या मागणीला सरळ नकार दिला. मला त्यांचा राग आला नाही. उद्या काही बिघडले तर आईचा फोन त्यांनाच जाणार होता.

दुसरा उपाय सर्वांत सोपा आणि मला वाटते पुष्कळ घरांना पुरणारा. आपल्या राउटरलाच दरवानाच्या कामावरून काढून नुसता वायफाय देणारा खांब करून टाकायचे. नव्या राउटरांत ह्यासाठी 'ॲक्सेस पॉइंट' अशी एक कळच असते. मग घरात एकच दरवान उरतो, क्रमांकही तोच वाटतो, आणि हजेरीची हाक अडवणारा मध्ये कोणी राहत नाही. फ्लॅटच्या सिमेंटच्या भिंतींपलीकडे वायफाय पोचवणे, एवढाच ज्यांचा हेतू आहे, त्यांनी ह्यापुढे वाचले नाही तरी चालेल.

आम्हांला मात्र तो नको होता, आणि त्याचे कारण सांगितलेच पाहिजे. इंटरनेटवाल्याचा डबा आपल्या भिंतीवर असला, तरी त्याची किल्ली त्याच्याकडे असते. तो दुरून त्यात शिरू शकतो, मांडणी बदलू शकतो. दुरुस्तीसाठी ते सोयीचेच आहे. पण अशा कित्येक डब्यांचा परवलीचा शब्द कारखान्यातून येतो तोच वर्षानुवर्षे राहतो. २०१६ साली 'मिराय' नावाच्या एका प्रोग्रॅमने जगभरचे असले कॅमेरे आणि राउटर कारखान्यातल्याच परवलीच्या शब्दांनी उघडून आपल्या फौजेत भरती केले, आणि ऑक्टोबरमध्ये त्या फौजेने अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास पाडली. घरात वाढत्या वयाची मुलगी आहे, सौ.चे बँकेचे व्यवहार मोबाइलवर आहेत. तेव्हा सपरीच्या दाराला भाऊंचे कुलूप असले, तरी माजघराच्या दाराला आपले असावे, असे आम्हांला वाटले.

तिसरा उपाय, दोन्ही दरवान ठेवून आतल्याला शहाणे करायचे. राउटरच्या मांडणीत 'आयजीएमपी प्रॉक्सी' अशी एक ओळ असते. तीच ही हजेरीची व्यवस्था. ती चालू करायची आणि वर दरवानाला बजावायचे, की बाहेरून हजेरीची हाक आली तर ती परक्याची समजू नकोस. आमच्या राउटरमध्ये पहिली गोष्ट चालू होती, म्हणूनच चार मिनिटे तरी मिळत होती. दुसरी गोष्ट करण्याची सोयच त्याच्या बनावटीत नव्हती. नवा राउटर घेणाऱ्याने दुकानात वेगापेक्षा ह्या ओळीची चौकशी आधी करावी. विक्रेता गोंधळलेला दिसला तर आश्चर्य मानू नये.

शेवटी चौथा उपाय केला. टीव्ही ज्याचा, तो त्याच्याच दारात बांधायचा. सपरीतल्या डब्याला केबल लावायच्या चार खाचा होत्या. एकीतून माजघरातल्या राउटरला गेलेली जुनी केबल तशीच ठेवली. दुसरीतून एक नवी केबल थेट आईच्या खोलीत न्यायची, मधल्या राउटरला न शिवता. म्हणजे टीव्ही भाऊंच्या दरवानाकडे. मोबाइल, संगणक, वर्ग आणि बँक आपल्या दरवानाकडे. तांब्याची ही केबल शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते. आमच्या सपरीपासून आईच्या खोलीपर्यंत जेमतेम वीस-बावीस मीटर. भिंतीला भोक पाडायला कोणी धजेना, तेव्हा कवेलूखालच्या फाट्यांवरून ती ओढली. भाऊंच्या पोऱ्याने हे काम दुपारभरात केले.

कन्येने मध्येच शंका काढली होती, की सेट टॉप बॉक्सला वायफायवरच का जोडू नये? तार नको, भोक नको. पण टीव्हीचा हा गठ्ठा हवेतून फार वाईट प्रवास करतो. पाकीट पोचले नाही तर वायफाय ते पुन्हा पाठवते; सगळ्यांसाठी मिळून असलेल्या गठ्ठ्याची पोच मात्र कोणी देत नाही, म्हणून हरवलेले हरवलेच. शिवाय असला प्रवाह वायफाय सहसा आपल्या सर्वांत मंद चालीने पाठवते आणि बाकीच्यांनाही रांगेत ताटकळत ठेवते. म्हणजे कीर्तन अडखळणार आणि जीवशास्त्रही. टीव्हीला तारच बरी. ज्यांचा टीव्ही मोबाइलसारखा ॲपमधून चालतो त्यांना हे लागू नाही. त्यांचे सारे पाकिटाने येते आणि दोनच काय, तीन दरवान असले तरी सहसा अडत नाही. तेव्हा आपल्या घरी टीव्ही गठ्ठ्याने येतो की पाकिटाने, एवढे पुरवठादाराला आधी विचारून घ्यावे.

आमच्याकडे आणखी एक भानगड आहे, ती शहरवासीयांना ठाऊक नसेल. वीज जाते. ती परत आली की दोन्ही डबे एकदमच डोळे उघडतात; माजघरातला चटकन जागा होतो, सपरीतल्याला तंतूवरची ओळख पटवायला वेळ लागतो. आतल्याने बाहेरच्याकडे क्रमांक मागावा तर बाहेरचा अजून झोपेत, आणि कधीकधी आतला तसाच रुसून बसतो. त्यासाठी आम्ही दोघांनाही लहानसा बॅटरीचा डबा जोडला. दोन्ही यंत्रे बारा व्होल्टवर चालतात, म्हणून ते सोपे गेले. आपल्या यंत्रावर लिहिलेले व्होल्ट मात्र प्रत्येकाने आधी वाचावेत.

नवी केबल लागली त्या संध्याकाळी आईने कीर्तन सलग पाहिले. सवयीने रिमोट तिच्या मांडीवरच होता. दोनदा तिने उचललाही, आणि चित्र हलते आहे असे पाहून खाली ठेवला. कीर्तन संपल्यावर एवढेच म्हणाली, "बुवा लय लांबवते गा. मले इतके दिवस समजलाच नाही."

ह्या प्रकरणाचा बोभाटा भाऊंनीच गावात केला असावा, कारण पंधरा दिवसांनी ते मला घेऊन कोहमाऱ्याला एका निवृत्त गुरुजींच्या घरी गेले. तिथेही दोन डबे, तिथेही थिजणारा टीव्ही, आणि गुरुजींच्या सुनेच्या मते दोष गुरुजींच्या रिमोटचा. मी मोबाइलवर वेळ लावला आणि वाहिनी लावायला सांगितली. चित्र दहाव्या सेकंदालाच थांबले. पुन्हा लावले, पुन्हा दहा सेकंद. म्हणजे इथे हजेरीचा प्रश्नच नव्हता. मागणीच बाहेर पोचत नव्हती, आणि वाहिनी चटकन दिसावी म्हणून सुरुवातीला पाकिटाने येणारा घासभर प्रवाह तेवढा मिळत होता. त्यांच्या राउटरमध्ये ती आयजीएमपीची ओळ बंद होती. गुरुजींच्या भिंती विटांच्या आणि घर लहान. त्यांना दुसऱ्या दरवानाची गरजही नव्हती. भाऊंनी राउटरवरची ॲक्सेस पॉइंटची कळ दाबली, केबल एका खाचेतून काढून शेजारच्या खाचेत घातली, आणि आम्ही तिघे घड्याळ लावून टीव्हीसमोर बसलो. पाच मिनिटे झाली तेव्हा गुरुजींच्या सूनबाईंनी चहा आणला.